ड्रम उघडलाच आहे, तर हबही होऊन जाऊ द्या

पद्मिनीचे पुढचे ब्रेक करायला टाकले की पुण्यातलं कुठलंही गॅरेज साधारण सारखाच अंदाज सांगतं: लायनर, व्हील सिलिंडरची रबरं, ब्रेक ऑइल, मजुरी. पुढच्या हबचं नाव त्यात बहुधा नसतं. विचारलंच तर उत्तर येतं, ‘‘आवाज येत नाही ना? मग कशाला उघडायचं?’’ रोज वापरातल्या नव्या गाडीला हे चालून जाईल. पण पंचवीस-पन्नास वर्षं वयाच्या, वर्षातले दहा महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभ्या असलेल्या गाडीला ते महागात पडतं.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय ते आधी स्पष्ट करतो. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली फियाट ११०० डिलाइट (१९६४ पासून) आणि तिचीच पुढे झालेली पद्मिनी, उत्तरपाड्याची अँबेसिडर, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, जुनी जीप. या सगळ्या मागच्या चाकांच्या ताकदीवर चालणाऱ्या. त्यांचं पुढचं चाक नुसतं फिरतं. एका जाड दांड्यावर, म्हणजे स्टब एक्सलवर, दोन बेअरिंगांच्या आधाराने. (जीपमध्ये फोर-व्हील असेल तर रचना थोडी वेगळी, पण बेअरिंग-ग्रीसचं तत्त्व तेच.) मारुती ८०० मालकांनी हा लेख वाचून गॅरेजवाल्याशी वाद घालू नये. तिच्या पुढच्या चाकांची बेअरिंगं प्रेसने बसवलेली असतात. ती वाजायला लागली की बदलायची, उघडून ग्रीस भरायचं काम तिथे नाही.

आता हबचा आणि ब्रेकचा संबंध काय? हबच्या आतल्या बाजूला एक ऑइल सील असतं. सीलच्या एका अंगाला ग्रीस, दुसऱ्या अंगाला ब्रेक शू. घाट उतरताना ड्रम तापतो, ग्रीस पातळ होतं आणि जुनं, कडक झालेलं सील त्याला अडवू शकत नाही. ग्रीस एकदा लायनरमध्ये मुरलं की पेट्रोलने पुसा, सँडपेपर मारा, तो लायनर गेला. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. मग दोष ब्रेकवाल्याच्या माथी येतो, आणि त्याने तर नवे लायनर अगदी नीट बसवलेले असतात.

दुसरा संबंध बेअरिंगच्या ढिलाईचा. बेअरिंग सैल असेल तर ड्रम डुलत फिरतो. शू कितीही नेमका अॅडजस्ट केला तरी कुठे घासतो, कुठे सुटतो. प्रीमियरच्याच ११८ एनईसारख्या पुढे डिस्क असलेल्या गाडीत हे आणखी जाणवतं: डुलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते, आणि वळणानंतर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल खोल जातं. लोक मास्टर सिलिंडर बदलतात, दोनदा एअर काढतात, पेडल मात्र आहे तसंच.

हिशेब

खालचे आकडे साध्या, पेठेतल्या किंवा उपनगरातल्या गॅरेजच्या हिशेबाचे ढोबळ अंदाज आहेत, दोन्ही पुढच्या चाकांचे मिळून. जुन्या गाड्यांचंच काम करणाऱ्या रिस्टोरेशन वर्कशॉपमध्ये मजुरी दुप्पट-तिप्पट सहज होते. आकडे पाठ करायचे नाहीत, कुठली ओळ कुठल्या ओळीच्या किती पट आहे तेवढं पाहायचं.

पुढच्या चार शूंना नवे लायनर चढवायला सहाशे ते बाराशे रुपये. दोन ड्रम लेथवर साफ करून घ्यायला चारशे ते आठशे. सिलिंडरच्या रबर किट दोनशे ते पाचशे. पण पुष्कळ जुन्या गाड्यांत पुढच्या एकेका चाकाला दोन-दोन सिलिंडर असतात, तेव्हा अंदाज घेण्यापूर्वी मोजून घ्या. ब्रेक ऑइल दीडशे ते तीनशे. मजुरी हजार ते दीड हजार. म्हणजे ब्रेकचं काम साधारण अडीच ते सव्वाचार हजारांत होतं.

याला हबची जोड दिली तर वाढतं काय? दोन ऑइल सील, शंभर ते अडीचशे. अर्धा किलो चांगलं ग्रीस, दोनशे ते साडेतीनशे. स्प्लिट पिना आणि धुवायला रॉकेल किंवा डिझेल, पन्नास-शंभर. वरची मजुरी चारशे ते आठशे. साडेसातशे ते दीड हजारांत काम आटोपतं. चाक, ड्रम, जॅक, घोड्या ही सगळी मांडामांड ब्रेकच्या मजुरीत आधीच झालेली असते; फक्त टोपी, पिन, नट काढून हब ओढायचा राहतो. काही गाड्यांत तर ड्रम आणि हब एकत्रच निघतात. तिथे बेअरिंग मेकॅनिकच्या हातात आयतंच आलेलं असतं आणि तो ते फडक्याने पुसून परत बसवतो! अशा गाडीत हबची वेगळी मजुरी कुणी मागितली तर घासाघीस जरूर करा.

हेच काम टाळलं आणि वर्षभराने सील गळलं, तर? उघडायची-बसवायची मजुरी पुन्हा हजार ते दीड हजार, लायनर पुन्हा सहाशे ते बाराशे (दोन्ही चाकांचे, कारण एकाच बाजूला नवा लायनर घातला तर गाडी ओढणारच), आणि वर हबचे तेच साडेसातशे ते दीड हजार. म्हणजे आज हजाराच्या आसपास होणारं काम तेव्हा अडीच ते चार हजारांना पडतं. गाडी रस्त्यात बंद पडून टो करावी लागली तर तो खर्च आणखी निराळा.

बिल पक्कं घेत असाल तर कराकडेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. जुन्या दरपत्रकावरून अंदाज काढणारा दुकानदार भेटला तर हे आठवू द्या.

बेअरिंग बदलायचं की नाही

इथे दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतो, उघडलंय तर चारही नवीन टाकू. दुसरा म्हणतो, ओरिजनल इटालियन माल आहे, हात लावू नका. दोघांचंही ऐकू नये. बेअरिंग धुऊन, कोरडं करून उजेडात पाहिलं की त्याची अवस्था त्यावरच दिसते, आणि ते पाहायला मालकाने स्वतः गॅरेजमध्ये उभं राहावं. ‘हब धुवाल तेव्हा मला फोन करा’ एवढं आधी सांगून ठेवलं की पुरे.

रोलर आणि बाहेरची कडी (गॅरेजच्या बोलीत कोन आणि कप) दोन्ही गुळगुळीत, एकसारख्या राखाडी रंगाची असतील तर बेअरिंग ठेवा. निळसर-तपकिरी छटा म्हणजे ते तापलेलं आहे. खड्डे, सोलपटं निघालेली जागा, मोडका पिंजरा: बदला. पुण्यातल्या उभ्या राहणाऱ्या गाड्यांत एक खूण फार दिसते. कपाच्या आत समान अंतरावर बारीक आडव्या रेघा, रोलर जिथे जिथे महिनोन्‌महिने टेकून होता तिथे गंज धरलेला. नखाला लागत नसेल अशी पुसट रेघ एखाद्या वेळी चालते; नख अडकलं की बेअरिंग बाद. जुनं ग्रीसही बघा. दुधाळ पांढरट झालं असेल तर आत पाणी गेलेलं आहे. पावसाळ्यात भिडे पुलाजवळच्या नदीपात्रातल्या रस्त्यावरून किंवा तुंबलेल्या चौकातून चाकं बुडवत गाडी काढली असेल, तर ते तिथून आलं.

बदलायचं ठरलं तर कोन आणि कप जोडीनेच बदलायचे. कप हबमध्ये घट्ट बसलेला असतो आणि तो काढायचा कंटाळा म्हणून जुन्या कपात नवा कोन टाकणारे मेकॅनिक आहेत. हे साफ नाकारा. चार बेअरिंगांना मिळून बाराशे ते तेवीसशे रुपये लागतात, कप काढण्या-बसवण्याचे दोन-चारशे वेगळे. सगळं धरून हबचं काम दोन ते चार हजारांवर जातं.

खरा खर्चाचा धोका वेगळा आहे. कप हबमध्ये सैल झाला असेल, हाताने निघत असेल, तर कप फिरून फिरून हबची बैठक झिजलेली असते. यावरचा गॅरेजचा आवडता उपाय म्हणजे बैठकीत पंचाने ठोके मारून जागा ‘घट्ट’ करणे. हा उपाय काही दिवस टिकतो आणि मग चाक डुलायला लागतं. टर्नरकडे हब बोअर करून त्यात स्लीव्ह बसवून घेणं हा मार्ग, नाहीतर धडका जुना हब शोधणं. भोसरी-चिंचवड पट्ट्यात असं काम करणारे टर्नर भरपूर आहेत. प्रश्न फक्त एका नगाचं काम हाती घेणारा मिळण्याचा. इथे खर्चाचा आकडा माणसागणिक बदलतो, म्हणून काम दाखवल्याशिवाय फोनवर भाव ठरवू नका. स्टब एक्सलवर बेअरिंगची जागा झिजलेली किंवा चरा पडलेली दिसली, तर त्याची तड लागेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.

माल कुठून, कुठला

‘पद्मिनीचं पुढचं बेअरिंग द्या’ असं मागू नका. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो पुसून, वाचून, मोबाइलवर फोटो काढून बेअरिंगच्या दुकानात जा. मेट्रिक मापाचं, ३०२ ने सुरू होणाऱ्या मालिकेतलं टेपर रोलर असेल तर ते गाडीचं नव्हे, यंत्रजगताचं सामान्य माप आहे. पंपापासून ट्रॉलीपर्यंत सगळीकडे लागतं आणि म्हणून स्वस्तही मिळतं. गाडीच्या नावाने मागितलं की तोच माल ‘फियाट स्पेशल’ होऊन येतो. इंची मापाच्या इंग्रजी घराण्यातल्या गाड्यांना कोनाचा नंबर वेगळा, कपाचा वेगळा असतो. दोन्ही टिपून घ्या.

नाना पेठ हे पुण्यातलं स्पेअरचं जुनं ठिकाण. सील, किट, लायनर, पिना तिथे मिळतात. ऑइल सीलवरही आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी लिहिलेली असते, तेव्हा गाडीचं नाव विसरून मापाने घ्या. हेराल्डसारख्या गाडीत मूळ सील नमद्याचं असतं. ते मिळवून देणारा स्पेअरवाला असेल तर त्याचा नंबर जपून ठेवा. बुधवार-रविवारचा जुना बाजार हबसाठी, टोप्यांसाठी, जिभेच्या वॉशरसाठी धुंडाळावा, बेअरिंगसाठी मात्र अजिबात नाही.

बेअरिंग कंपन्यांत एनबीसी जयपूरची, आणि एसकेएफचा तर कारखानाच चिंचवडला आहे. म्हणून पुण्यात सगळा एसकेएफ माल अस्सल मिळतो असं मात्र समजू नये. नकली डबे इथेही फिरतात. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट घ्या. खोक्याचा आणि बेअरिंगचा फोटो काढून खरं-खोटं तपासायचं कंपनीचं मोबाइल अॅपही आहे. दीडशे रुपये वाचवून पुढच्या चाकात अनोळखी बेअरिंग घालण्यात काही शहाणपण नाही.

पद्मिनीपुरती एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षं पद्मिनीचे सुटे भाग टॅक्सीवाल्यांच्या रोजच्या खपावर मिळत होते. आता गिऱ्हाईक म्हणजे आपण हौशी लोक. बेअरिंगची चिंता नाही, पण गाडीचेच म्हणून असणारे भाग, म्हणजे हब, ड्रम, ग्रीसची टोपी, दिसले की एक जोड घेऊन ठेवणं परवडतं.

ग्रीस आणि नट

ग्रीसमध्ये पैसे वाचवणं हा या कामातला सगळ्यात पोकळ शहाणपणा. चॅसिसच्या निपलमध्ये मारायचं साधं कॅल्शियम ग्रीस ९०-१०० अंशांच्या आसपास वितळतं. ड्रम तापला की ते वाहणारच. लिथियम ग्रीस (डब्यावर एपी ३ लिहिलेलं) १८० अंशांच्या आसपासपर्यंत वितळत नाही, ड्रमच्या गाडीला ते पुरेसं. पुढे डिस्क असेल तर लिथियम कॉम्प्लेक्स घ्या. दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली की दोन्ही बिघडतात, म्हणून जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढायलाच हवं. वरून बोटभर नवं चोपडलेलं ‘ग्रीसिंग’ हे काम नव्हे. बेअरिंग तळहातावर दाबून दाबून रोलरांच्या मधून ग्रीस वर येईपर्यंत भरायचं असतं. हबची पोकळी मात्र ठासून भरायची नाही, निम्म्याहून कमीच. जादा ग्रीस तापून सीलवर दाब देतं आणि शेवटी लायनरवरच येतं.

धुताना दोन गोष्टी. बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवायची मौज मेकॅनिकना फार. त्यात बेअरिंग खराब होतं आणि क्वचित पिंजरा फुटून रोलर उडतात. आणि ड्रममधली काळी भुकटी हवेने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात गेलेलं परत येत नाही. पाण्याने भिजवून पुसा, फडकं फेकून द्या.

आता नट. या कामात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. टेपर रोलरचं बेअरिंग आवळून ठेवायचं नसतं. हब हाताने फिरवत फिरवत नट हलकेच आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सोडायचा आणि नुसत्या बोटांनी लागेल तेवढाच लावायचा. पिनेचं भोक जुळत नसेल तर नट पुढे नाही, मागे न्यायचा. शेवटी हबला एक-पाच हजारांश इंच, म्हणजे ०.०२५ ते ०.१३ मिलिमीटरची, पुढे-मागे मोकळीक राहिली पाहिजे. डायल गेज असलेलं गॅरेज उत्तम. नसेल तर चाक धरून हलवल्यावर जेमतेम जाणवेल इतकी. ‘अजिबात प्ले नको’ म्हणून पाना मारणारा मेकॅनिक बेअरिंग शे-दोनशे किलोमीटरमध्ये जाळतो.

याला अपवाद बॉल बेअरिंगच्या हबचा. मॉरिस मायनरसारख्या गाडीत दोन बेअरिंगांच्या मध्ये नळकांडं असतं आणि मोकळीक तेच ठरवतं. तिथे नट सांगितलेल्या जोराने पूर्ण आवळायचा असतो. एका गाडीची रीत दुसरीला लावली की दोन्ही मरतात. म्हणून मेकॅनिकला कामाआधी सरळ विचारा, ‘‘दादा, हिला टेपर आहे की बॉल?’’ उत्तर ‘बघू उघडल्यावर’ आलं तर वाईट नाही. ‘सगळं सारखंच असतं’ आलं तर गाडी दुसरीकडे न्या. काही गाड्यांत एका बाजूचा नट उलट्या आट्याचा असतो, हेही आधी पाहायला हवं, नाहीतर जोर लावता लावता आटे जातात. जिभेचा वॉशर गहाळ करू देऊ नका. बेअरिंगच्या फिरण्याचा ओढा नटापर्यंत पोहोचू न देणं हे त्याचं काम. आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी. ती पाच-दहा रुपयांना मिळते, आणि चाक गाडीला धरून ठेवण्याची शेवटची जबाबदारी तिच्यावर असते.

घरच्या घरी तपासायचं असेल तर चाक जॅकवर उचला, खाली घोडी लावा (सोसायटीच्या उतारावर हे करू नका), आणि टायर वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिन किंवा सस्पेन्शनकडे बघा. ही चाचणी गॅरेजला जाण्यापूर्वी केली तर बेअरिंगच्या नावाखाली किंगपिनचं, किंवा उलटं, बिल गळ्यात पडत नाही.

पुष्कळांना हे सगळं सुचतं ते आरटीओच्या पासिंगची तारीख जवळ आली की. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये करण्यात आलं, पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून गाडी तपासणीत ब्रेकवर अडकणं परवडत नाही, म्हणून लोक आदल्या आठवड्यात घाईघाईने लायनर घालतात. नवे लायनर ड्रमला पूर्ण टेकायला थोडं चालवावं लागतं आणि हबचा नटही पुन्हा पाहावा लागतो, तेव्हा काम निदान महिनाभर आधी काढा.

काम झाल्यावर पंधरा-वीस किलोमीटर गावातच, सपाटीवर चालवा. थांबून हबच्या टोपीला हात लावा. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट आवळलेला आहे किंवा शू घासतोय, तशीच गाडी परत न्या. कात्रज किंवा दिवे घाट लगेच नको. तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर चाक पुन्हा उचलून मोकळीक पाहायची, कारण नवे कप थोडे बसतात. ही दुसरी तपासणी फुकट आहे का, ते गाडी सोडतानाच ठरवा आणि बिलावर लिहून घ्या. जुने सील, जुनी बेअरिंगं, जुने लायनरही मागून घ्या, डिकीत टाकायला का होईना. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला पुढचं ग्रीस किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर: दोन वर्षांनी, आणि हबमध्ये पाणी गेलं असेल तर त्याच पावसाळ्यानंतर.